नेमलेली खुर्ची, निवडून घेतलेली जागा
(रामटेक येथील बैठकीत झालेले भाषण)



रामटेक, मौदा, पारशिवनीच्या बांध्यांत धानाची रोवणी कोण करतं? बाया करतात. आणि गावात बाई सरपंच असली तर कारभार कोण करतं? तुम्ही हसलात, म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्याविषयी बोलणार आहोत.

१९२८ साली सरकारनं त्यांना मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात सभासद नेमलं. बाईनं चारचौघांत तोंड उघडणं लोकांना खपत नव्हतं, त्या काळी हा मोठाच मान होता. पण नेमलेल्या माणसाला नेमणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. १९३० साली कायदेभंग सुरू झाला तशी अनसूयाबाईंनी ती खुर्ची सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. १९३७ साली त्या विधानसभेत आल्या त्या निवडून, आणि उपाध्यक्षही झाल्या. १९४२ च्या उठावात चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, तेव्हा त्यांचे प्राण वाचवण्यासाठी त्या झटल्या. १९५२ आणि १९५७ साली नागपूरनं त्यांना लोकसभेत पाठवलं.

आता आपला हिशेब मांडू. १९३७ साली मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटी होत्या. कित्येक बायांना मत मिळालं ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारानं. १९५० च्या घटनेनं ती अट मोडली. पण पेंचच्या कालव्यावर काय चाललं आहे? २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्था झाल्या. त्यांचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबाऱ्यावर नाव नाही, तर पाण्याच्या वाटपात मत नाही. चिखलात कंबर मोडणारी बाई तिथे आजही १९३७ च्या दारात उभी आहे.

पंचायतीत १९९३ पासून एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. जिथे राखीव जागा नाहीत तिथलं चित्र पाहा. १९५७ पासून २०२४ पर्यंत रामटेकनं लोकसभेत एकच बाई पाठवली, १९९८ साली राणी चित्रलेखा भोसले. आरक्षणानं दार उघडतं, हे खरं. आत जाऊन बोलायचं मात्र आपणच असतं.

तेव्हा इथून जाताना तीन कामं घेऊन जा. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. भावांनो, तो अर्ज तुम्ही द्यायचा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. ती सभा कागदावर नको, चावडीत भरवा. आणि सरपंचबाई बोलत असताना तिच्या नवऱ्यानं मागे, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसावं.

अनसूयाबाईंनी दिलेली खुर्ची सोडली आणि हक्काची जागा मिळवली. तुम्हाला खुर्ची सोडायची गरज नाही. तिच्यावर नीट बसा, आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नका.