भेंडीच्या ठशांचा आकाशकंदील

दिवाळीची सुट्टी लागली की फराळाच्या गडबडीत लहान पोरं पायात पायात येतात. त्यांना घटकाभर गुंतवायला आमच्या गटात आम्ही काय करतो, ते आज सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही दाराला लावून उरलेला ऑइलपेंट पोरांपुढे ठेवला. एका चार वर्षांच्या पोराने रंगाचं बोट तोंडात घातलं, तेव्हा आमचे डोळे उघडले. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम 2017 पासून लागू आहे. पण माळ्यावरच्या जुन्या डब्यात किती आहे, कोण जाणे! शिसं पोटात गेलं तर मुलाच्या मेंदूची वाढ बिघडते आणि वरून काही दिसतही नाही. म्हणून आता आमचे रंग स्वयंपाकघरातले.

कपभर पाण्यात दोन चमचे कणीक कालवून खळ शिजवा. थोडी चिकटवायला बाजूला ठेवा, बाकीची गार करून तीन वाट्यांत घाला. पहिलीत हळद. दुसरीत हळद आणि चिमूटभर खायचा सोडा. पिवळ्याचं तांबडं होतं, ते पोरांसमोरच करा. तिसरीत बिटाचा रस.

जून भेंडी आडवी कापली की आत पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. ती रंगात बुडवून वहीच्या जोडपानावर पोरांना ठसे मारू द्या. कागद वाळला की ठसे बाहेर ठेवून लांबीत दुमडा. घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्या, पण वरच्या काठाला दोन बोटं जागा सोडा. कात्री मात्र आपल्याच हातात. कागद उलगडून गोल करा, कडा खळीने चिकटवा, वर कागदाची पट्टी लावा. झाला कंदील! आत पणती कधीच ठेवू नका, कागद पेट घेतो.

आणखी एक. ठसे वाकडे पडतील, रंग सांडेल. "दे इकडे, मी करते" असं म्हणायचा मोह आम्हालाही होतो. पण आपण हात घातला की पोर उठून जातं. वाकडा असू दे, कंदील त्याचा आहे. तोच दारात लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "हा मी केला" म्हणून सांगेल, तेव्हा त्याचं तोंड बघा.