पदार्पणाचा मुहूर्त

१९७४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बंगळूर शहराने आपला पहिला कसोटी सामना पाहिला. कब्बन उद्यानालगतचे ते क्रीडांगण त्या वेळी नवे होते, एम. चिन्नास्वामी यांचे नाव त्याला पुढे मिळाले. त्याच वर्षी कर्नाटकाने रणजी स्पर्धेत मुंबईला नमवून तिची लागोपाठ पंधरा वर्षांची सत्ता संपुष्टात आणली होती. त्यामुळे शहरातील क्रीडारसिकांचा उत्साह शिगेला पोहोचलेला होता. वेस्ट इंडीजविरुद्धच्या या सामन्यात तीन खेळाडूंनी कसोटी क्रिकेटच्या जगात पहिले पाऊल टाकले. त्यांपैकी दोघे पाहुण्या संघातले होते : तेवीस वर्षांचा गॉर्डन ग्रीनिज आणि बावीस वर्षांचा व्हिव्हियन रिचर्ड्स. तिसरे होते महाराष्ट्राचे हेमंत कानिटकर. त्यांचे वय बत्तिशीला टेकले होते. रणजी स्पर्धेत उणीपुरी अकरा वर्षे धावा जमवल्यानंतर त्यांच्यासाठी हे दार उघडले होते.

ग्रीनिजने पहिल्या डावात ९३ आणि दुसऱ्या डावात १०७ धावा काढल्या. कानिटकरांनी भारताच्या पहिल्या डावात ६५ धावांची जिद्दीची खेळी केली. रिचर्ड्स मात्र दोन्ही डावांत चंद्रशेखरच्या फिरकीला बळी पडला. त्याच्या धावा होत्या ४ आणि ३. त्या दिवशी बंगळूरच्या प्रेक्षकांचा कौल घेतला असता, तर या तिघांत कोणाचे पदार्पण घाईचे झाले, या प्रश्नाला एकमुखाने एकच उत्तर मिळाले असते. परंतु पुढच्याच दिल्लीच्या कसोटीत रिचर्ड्सने नाबाद १९२ धावा केल्या आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ त्याने जगभरच्या गोलंदाजांवर अधिराज्य गाजवले. दिल्लीत कानिटकरांच्या धावा ८ आणि २० झाल्या. त्यानंतर त्यांना कसोटी संघात पुन्हा स्थान मिळाले नाही. दोन सामने आणि १११ धावा, एवढ्यावर त्यांची कसोटी कारकीर्द आटोपली.

नवख्या खेळाडूला मैदानात केव्हा उतरवावे, हा वाद क्रिकेटइतकाच जुना आहे. बंगळूरच्या उपाहारगृहांतून, इडली-वड्याच्या बशा आणि कॉफीचे पेले समोर ठेवून, तो आजही तितक्याच आवेशाने रंगतो. मुंबईच्या आझाद मैदानावरील झाडांच्या सावलीतही तोच वाद ऐकू येतो आणि पुण्याच्या कट्ट्यांवरही. या वादाला दोन ठरलेल्या बाजू असतात. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे एक पक्ष म्हणतो. टाकीचे घाव सोसल्याखेरीज दगडाला देवपण येत नाही, असे दुसरा पक्ष बजावतो. दोन्ही म्हणी मराठीच आहेत आणि दोन्ही खऱ्याच आहेत. म्हणूनच केवळ म्हणींच्या बळावर हा वाद मिटणारा नाही. उदाहरणे तपासून पाहणे हाच त्यावरचा मार्ग होय.

पहिल्या पक्षाचे सर्वांत मोठे प्रमाण म्हणजे सचिन तेंडुलकर. १९८९ सालच्या नोव्हेंबरमध्ये कराची येथे तो पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याला सतरावे वर्ष चालू होते. पहिल्या डावात अवघ्या १५ धावा करून तो वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाला. त्याच मालिकेत सियालकोट येथे चेंडू नाकावर आदळून रक्त वाहू लागले. तरीही तो खेळपट्टीवरून हटला नाही आणि ५७ धावा करून त्याने सामना वाचवण्यास हातभार लावला. अशा खेळाडूला आणखी चार वर्षे थांबवून ठेवणे म्हणजे काळाचा अपव्यय ठरला असता, हे कोणीही मान्य करील.

तथापि याच प्रमाणावर विसंबून सरसकट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. लक्ष्मण शिवरामकृष्णन हा तामिळनाडूचा लेगस्पिन गोलंदाज १९८३ साली अँटिग्वा येथे पहिली कसोटी खेळला, तेव्हा तोही सतरा वर्षांचाच होता. १९८४ साली मुंबईत त्याने इंग्लंडचे एकाच सामन्यात बारा बळी घेतले, तेव्हा पुढची दहा वर्षे भारताच्या फिरकीची चिंता मिटली, असेच सर्वांना वाटले. प्रत्यक्षात १९८६ सालच्या आरंभी तो शेवटची कसोटी खेळला. त्या वेळी त्याने विशी नुकतीच गाठली होती आणि त्याच्या नावावर एकंदर नऊच कसोटी सामने होते. बहुतेक गोलंदाजांची उमेदवारी ज्या वयात चालू असते, त्या वयात त्याची कारकीर्द संपली होती.

दुसऱ्या पक्षाचे प्रमाण खुद्द बंगळूरचेच आहे. राहुल द्रविड हा इंदूर येथे मराठी कुटुंबात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला खेळाडू. १९९१ साली तो रणजी स्पर्धेतील पहिला सामना खेळला, आणि योगायोग असा, की तो सामना पुण्यात महाराष्ट्राविरुद्धच होता. त्याने ८२ धावा केल्या. त्यानंतर कसोटी संघाचे दार उघडण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. दर मोसमात धावा कराव्यात, संघाची नावे जाहीर व्हावीत आणि त्यांत आपले नाव नसावे, हा अनुभव त्याच्या वाट्याला वारंवार आला. अखेरीस १९९६ सालच्या जूनमध्ये लॉर्ड्स येथे त्याला संधी मिळाली, तीदेखील नवज्योत सिद्धू दौरा सोडून परतल्यामुळे आणि संजय मांजरेकर जायबंदी झाल्यामुळे. सातव्या क्रमांकावर येऊन त्याने ९५ धावा केल्या. पुढे १६४ कसोटी सामने आणि १३,२८८ धावा हा इतिहास सर्वश्रुत आहे. पाच वर्षांच्या प्रतीक्षेने त्याच्या खेळीची वीण घट्ट केली, असे म्हणण्यास निश्चितच जागा आहे.

परंतु येथेही सावध राहावयास हवे. प्रतीक्षेचे फळ ज्यांना मिळाले, त्यांचीच नावे आपल्या स्मरणात राहतात. पद्माकर शिवलकर यांनी मुंबईसाठी वर्षानुवर्षे डावखुरी फिरकी टाकली आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी मिळवले. त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी खेळत होते, एवढाच त्यांचा अपराध. ते एकही कसोटी खेळू शकले नाहीत. अमोल मुझुमदारने १९९४ साली रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या आणि पुढे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ११,००० हून अधिक धावा जमवल्या. त्याचेही दार अखेरपर्यंत उघडले नाही. पुढे त्याच्याच मार्गदर्शनाखाली भारताच्या महिला संघाने २०२५ साली नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, ही त्याच्या आयुष्याने केलेली एक सुंदर भरपाई होय. तेव्हा ‘थांबला तो पिकला’ असे सरसकट म्हणता येत नाही. अढीत घातलेला आंबा वेळेआधी काढला, तर आंबट लागतो हे खरे. पण वेळेवर काढला नाही, तर तो नासतो, हेही तितकेच खरे.

मग मुहूर्त ओळखावा कसा ? या सर्व उदाहरणांकडे बारकाईने पाहिले, म्हणजे असे ध्यानात येते की वय हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. गाभा आहे तो तीन गोष्टींत : पाया, पाठराखण आणि पुढची संधी.

पहिली गोष्ट पायाची. रिचर्ड्स आणि ग्रीनिज हे बंगळुरात नवखे दिसले, तरी दोघेही त्यापूर्वी इंग्लंडमधील काउंटी क्रिकेटच्या आखाड्यात घुमून आले होते. तेंडुलकरनेही कराचीला जाण्यापूर्वी रणजी पदार्पणात शतक झळकावले होते. म्हणजे वय कोवळे असले, तरी तयारी कोवळी नव्हती.

दुसरी गोष्ट पाठराखणीची. भद्रावतीत जन्मलेला आणि बंगळुरात नावारूपाला आलेला गुंडप्पा विश्वनाथ हा याचा उत्तम दाखला आहे. म्हैसूरसाठी पहिल्याच सामन्यात २३० धावा करणारा हा ठेंगणा फलंदाज १९६९ साली कानपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला. त्या वेळी विजय मर्चंट यांच्या अध्यक्षतेखालील निवडसमितीने तरुणांना संधी देण्याचे धोरण हेतुपुरस्सर स्वीकारले होते. पहिल्या डावात विश्वनाथ शून्यावर बाद झाला. तंबूत परतलेल्या त्या वीस वर्षांच्या मुलाला संघनायक पतौडी यांनी धीर दिला आणि तो दुसऱ्या डावात शतक करील, असा विश्वास व्यक्त केला. विश्वनाथने १३७ धावा केल्या. शून्य आणि १३७ या दोन आकड्यांमध्ये फलंदाजीचे कौशल्य वाढलेले नव्हते, कारण इतक्या थोड्या अवधीत ते वाढत नसते. वाढला होता तो आत्मविश्वास. आणि तो दुसऱ्याने दिलेला होता. हेच विश्वनाथ पुढे निवडसमितीचे अध्यक्ष झाले आणि १९९६ साली द्रविडची निवड झाली, तेव्हा त्या पदावर तेच होते.

बंगळूरच्या इतिहासात याहून जुना दाखलाही सापडतो. सतराव्या शतकात शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती. तेथून त्यांनी बाल शिवाजीराजांना, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, पुण्याच्या जहागिरीवर रवाना केले. वय पाहिले, तर ते धाडस वाटेल. परंतु सोबत जिजाबाईंसारखी माता होती आणि पदरी अनुभवी कारभारी होते. शहाजीराजांनी मुलाला एकट्याने पाण्यात ढकलले नव्हते. त्यांनी त्याच्या हाती नाव दिली होती आणि शेजारी जाणते नावाडीही बसवले होते. राज्यकारभार असो वा क्रीडांगण, कोवळ्या खांद्यावर भार टाकताना हेच तारतम्य उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि वादाच्या भरात हटकून विसरली जाणारी : पहिल्या अपयशानंतर काय ? बंगळुरात ४ आणि ३ धावा करणाऱ्या रिचर्ड्सला क्लाइव्ह लॉइड यांनी दिल्लीत पुन्हा उभे केले. तसे केले नसते, तर त्या कारकिर्दीला कोणते वळण लागले असते, हे कोण सांगू शकेल ? याउलट करुण नायरची कथा पाहावी. कर्नाटकाच्या या फलंदाजाने २०१६ सालच्या डिसेंबरमध्ये चेन्नई येथे इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. ती त्याची अवघी तिसरी कसोटी होती. तरीही पुढच्याच कसोटीत त्याला अकरांमध्ये जागा मिळाली नाही. आणखी तीन सामन्यांनंतर तो संघाबाहेर फेकला गेला, तो थेट २०२५ साली परतला. मधल्या काळात विदर्भाने त्याला आपलेसे केले आणि २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाने रणजी करंडक पटकावला, त्यात त्याच्या धावांचा वाटा मोठा होता. त्याला संधी लवकर दिली गेली की उशिरा, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. दिलेली संधी टिकू दिली गेली का, हाच खरा प्रश्न होय.

अर्थात न्यायाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. संघात जागा अकराच असतात. एकाला पाच अपयशे माफ करावयाची, तर दुसऱ्या कोणाला तरी पाच सामने बाहेर बसावे लागते, आणि बाहेर बसलेल्याच्या वयाचे घड्याळ थांबत नाही. म्हणून निवड करणाऱ्याने संधी देण्यापूर्वीच मनाशी हिशेब बांधावयास हवा : या मुलाला आपण किती सामने देणार आहोत ? जर उत्तर ‘एक’ असेल, तर त्याला मुळीच न खेळवणे अधिक दयाळूपणाचे ठरेल.

प्रतीक्षेचा अर्थ स्वतः भोगलेला द्रविड जेव्हा तरुण संघांचा मार्गदर्शक झाला, तेव्हा त्याने दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक मुलाला खेळण्याची संधी मिळावी, यावर कटाक्ष ठेवला. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात एका खेळाडूने एकदाच खेळावे, हा नियमही त्याच्याच कारकिर्दीत रूढ झाला. हेतू हा, की कुमारांच्या स्पर्धेतच न रेंगाळता मुलांनी मोठ्यांच्या क्रिकेटकडे वळावे. २०१८ साली त्याच्या मार्गदर्शनाखाली भारताने तो विश्वचषक जिंकला. आणि २०२५ साली राजस्थानच्या आयपीएल संघाचा तो प्रशिक्षक असताना एक चौदा वर्षांचा मुलगा त्याच्या हाताशी होता. वैभव सूर्यवंशी याला संघाच्या पहिल्या सात सामन्यांत बाहेर बसवण्यात आले. आठव्या सामन्यात त्याला उतरवले, तेव्हा त्याने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. पुढे थोड्याच दिवसांत जयपूर येथे त्याने ३५ चेंडूंत शतक पूर्ण केले. स्वतः पाच वर्षे थांबलेल्या माणसाच्या संघात एक चौदा वर्षांचा मुलगा खेळला, यात विसंगती मुळीच नाही. प्रत्येकाचा मुहूर्त निराळा असतो, हे प्रतीक्षा केलेल्यालाच अधिक नेमके कळते.

या साऱ्यात प्रेक्षकांचाही वाटा लहान नाही. नवे नाव संघात घ्या, असा घोष सर्वांत आधी प्रेक्षकच करतात, आणि ते नाव अपयशी ठरले की त्याला घरी पाठवा, असा घोषही त्यांचाच असतो. १९७४ सालच्या त्या सामन्यानंतर बंगळूरच्या कट्ट्यांवर रिचर्ड्सची ज्यांनी चेष्टा केली असेल, त्यांनी काही आठवड्यांतच दिल्लीचे धावते वर्णन रेडिओवर ऐकले असेल. त्या क्षणी त्यांच्या मनात जी शरम आणि जो आनंद एकदमच दाटून आला असेल, तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे. कारण हा प्रश्न केवळ क्रीडांगणावरचा नाही. कचेरीत नव्याने रुजू झालेला तरुण, प्रथमच रंगभूमीवर उभी राहिलेली मुलगी, बापाच्या जागी पेढीवर बसलेला मुलगा, यांच्या पहिल्या डावाचे आकडे आपण कितीदा शेवटचे आकडे समजून बसतो !

हेमंत कानिटकर २०१५ साली निवर्तले. त्यांचे पुत्र हृषीकेश हेही भारताकडून दोनच कसोटी खेळले. परंतु १९९८ साली ढाका येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी अखेरच्या क्षणी मारलेला विजयी चौकार सबंध देशाच्या लक्षात राहिला. पित्याच्या त्या ६५ धावा मात्र आज फारच थोड्यांना आठवतात. अकरा वर्षांच्या उमेदवारीनंतर ज्याने पहिल्याच डावात आपली योग्यता दाखवली, त्याला तिसरा सामना मिळाला नाही. आणि ज्याला दोन्ही डावांत सात धावांच्या वर जाता आले नाही, त्याला दुसरा सामना मिळाला. पहिला निर्णय चूक होता की नव्हता, हे ठरवणे आता कोणाच्याच हाती नाही. दुसरा निर्णय मात्र बरोबर होता, हे सारे जग जाणते. पदार्पणाचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही. तो सापडतो संधी देणाऱ्याच्या धीरात.