प्रादेशिक विमानतळ आणि पहिल्यांदा विमानात बसणारा प्रवासी



विमानतळाचे मूल्यमापन धावपट्टीची लांबी, इमारतीचा आकार आणि उड्डाणांची संख्या यांवरून करण्याची प्रथा आहे. परंतु विमानतळ अखेर प्रवाशासाठी असतो. आयुष्यात प्रथमच विमानाने निघालेला नागरिक प्रवेशद्वारापासून आसनापर्यंत गोंधळून न जाता पोहोचू शकतो काय, हीच प्रादेशिक हवाई सेवेची खरी कसोटी होय. बिहारमधील दरभंगा विमानतळाच्या उदाहरणावरून ती नीट समजून घेता येईल.

दरभंगा हे मिथिलेचे प्रमुख शहर. या भागातील हजारो कुटुंबांचे कर्ते पुरुष दिल्ली, मुंबई, बंगळुरू येथे रोजगारासाठी राहतात. विमानासाठी पूर्वी त्यांना सव्वाशेहून अधिक कि.मी. दूरच्या पाटण्यास जावे लागे. ८ नोव्हेंबर २०२० रोजी दरभंग्याहून या तीन महानगरांची थेट सेवा सुरू झाली. हा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. अशा लष्करी तळावरील नागरी वाहतुकीच्या स्वतंत्र आवारास सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. तेथे छायाचित्रणावर निर्बंध असतात, हे प्रवाशाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ही सेवा ‘उडान’ योजनेतून सुरू झाली. जून २०१६ मधील राष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक धोरणानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या योजनेचा प्रारंभ झाला आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर पहिले उड्डाण झाले. सुमारे एक तासाच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे प्रारंभी २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. कंपनीला येणारी तूट व्यवहार्यता तफावत निधीतून भरून निघते. त्यात बहुतेक राज्यांचा वाटा २० टक्के, तर ईशान्येकडील राज्यांचा १० टक्के असतो. उर्वरित निधी उभारण्यासाठी अन्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावला जातो. म्हणजे गर्दीच्या मार्गांवरील प्रवासी दुर्गम मार्गांवरील प्रवाशाचा काही भार उचलतो.

आता या प्रवाशाबरोबर विमानतळात प्रवेश करू. त्याच्या वाटेवरील प्रत्येक टप्प्यामागे एक संस्था उभी आहे. प्रवेशद्वारावर तिकीट आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहिले जाते. तिकिटावरील नाव ओळखपत्राशी जुळले नाही, तर प्रवास तेथेच अडतो. आतील इमारत आणि तिच्या सुविधा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असतात. दोन जुन्या प्राधिकरणांच्या विलीनीकरणातून १ एप्रिल १९९५ रोजी ही संस्था अस्तित्वात आली. पुढील टप्पा चेक-इन काउंटरचा. तो विमान कंपनीचा असतो आणि साधारणतः उड्डाणापूर्वी एक तास बंद होतो. येथे मोठे सामान देऊन पावती व बोर्डिंग पास घ्यायचा. पॉवर बँक मात्र हातातील पिशवीतच ठेवावी लागते.

यानंतर सुरक्षा तपासणी. तिचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवते. डिसेंबर १९९९ मधील विमान अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हा त्यातील पहिला विमानतळ ठरला. काही लहान विमानतळांवर ही जबाबदारी राज्य पोलिसांकडे असते. तपासणीनंतरच्या प्रतीक्षागृहातून प्रवासी बसने अथवा पायी विमानाकडे जातो. पायी जाताना आखलेली वाट सोडायची नसते.

हा क्रम कागदावर सोपा दिसतो. अडचण गर्दीची आणि माहितीची आहे. या मार्गांवरील विमानात सुमारे १८० आसने असतात. तीन विमानांच्या वेळा जवळ आल्या की पाचशेहून अधिक प्रवासी छोट्या सभागृहात एकत्र येतात. अशा वेळी धावपट्टी मोकळी आणि रांग मात्र दारापर्यंत, असे विसंगत चित्र निर्माण होते. दरभंग्याने हा अनुभव लवकरच घेतला. २० ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे सुमारे ९१० कोटी रुपये खर्चाच्या नव्या नागरी आवाराची पायाभरणी झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

हिवाळ्यातील धुके ही दुसरी अडचण. दृश्यमानता घटली की उड्डाणे लांबतात किंवा रद्द होतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपलीकडे विलंब झाल्यास अल्पोपाहार आणि उड्डाण रद्द झाल्यास परतावा अथवा पर्यायी विमान यांची तरतूद आहे. हवामानासारख्या कारणासाठी नुकसानभरपाई मात्र देय नसते. नियमित प्रवासी हे सारे जाणतो. सुटी संपवून कामावर परतणारा मजूर, वृद्ध आईला उपचारासाठी नेणारा मुलगा यांना ते कोण सांगणार? सूचना केवळ इंग्रजी व हिंदीत, तीही घाईघाईने दिली गेली, तर हक्क असूनही तो नसल्यासारखाच होतो. दिव्यांग प्रवाशास चाकाच्या खुर्चीसह साहाय्य देण्याचे बंधन कंपनीवर आहे. परंतु त्याची पूर्वसूचना द्यावी लागते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. मैथिलीसारख्या स्थानिक भाषेतील फलक व घोषणा, दर्शनी भागात प्रवाशाच्या हक्कांची सोपी माहिती, गर्दीच्या वेळी प्रवेशद्वारापाशी एक साहाय्यक आणि उड्डाणांच्या वेळांची योग्य विभागणी एवढ्याने बरेच साधेल. विमानतळापासून बसस्थानक व रेल्वे स्थानकापर्यंत रास्त दरातील वाहनही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा भाड्यात वाचलेला पैसा शेवटच्या काही किलोमीटरवर खर्च होतो.

पायाभूत सुविधा म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. तिचा उपयोग करण्याचा आत्मविश्वास सामान्य माणसास देणे, हाही तिचाच भाग आहे. उद्या प्रशासनात जाणाऱ्या तरुणांनी विमानतळांची संख्या जरूर लक्षात ठेवावी. त्याबरोबर, रांगेत हातातील तिकीट पुन्हा पुन्हा उलगडून पाहणारा तो प्रवासीही विसरू नये. योजना त्याच्यासाठीच आहे.