पडल्यानंतरची पुढची उडी



एखादं मूल स्पर्धेत मागे पडलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ''हुशार आहे हो, पण आत्मविश्वास कमी पडतो.'' जणू आत्मविश्वास म्हणजे टॉनिक! दोन चमचे पाजलं की झालं. आत्मविश्वास मुळात येतो कुठून, हे मला बर्फावरच्या एका खेळानं शिकवलं. त्या खेळाचं नाव फिगर स्केटिंग. मी त्यातला खेळाडू नाही, टीव्हीसमोर बसून हौसेनं पाहणारा एक प्रेक्षक आहे.

खेळ दिसायला नाजूक, करायला महाकठीण. बुटाखाली पोलादी पातं असतं. त्याच्या कडेवर तोल सांभाळत संगीताच्या तालावर सरकायचं, हवेत झेप घ्यायची, सेकंदभराच्या आत तीन किंवा चार गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर उतरायचं. पाय थोडा चुकला की खेळाडू बर्फावर आपटतो. सगळं जग पाहत असतं आणि संगीत काही त्याच्यासाठी थांबत नाही.

स्पर्धेचे दोन भाग असतात. आधी अडीच-पावणेतीन मिनिटांचा शॉर्ट प्रोग्रॅम, मग चारेक मिनिटांचा फ्री स्केट. दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे निकाल. पूर्वी सहापैकी गुण मिळत. 2002च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षणावरून मोठा वाद झाला आणि ती पद्धत बदलली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला स्वतंत्र गुण असतात. पडलात तर गुण कापले जातात, पण पुढच्या उडीचे गुण तुमची वाट पाहत असतात. शिवाय खेळाडू बारावा आला तरी गेल्या वर्षीच्या आपल्याच गुणांशी तुलना करून आपण किती पुढे आलो हे पाहू शकतो.

आता नेथन चेनची गोष्ट ऐका. चिनी स्थलांतरित आईवडिलांचा हा मुलगा 1999 साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत जन्मला आणि तिसऱ्या वर्षी बर्फावर उतरला. 2018च्या प्याँगचांग ऑलिंपिकला तो गेला तेव्हा पदकाचा दावेदार म्हणून त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच्या तिन्ही उड्या बिघडल्या आणि तो थेट सतराव्या स्थानावर गेला. दुसऱ्याच दिवशी फ्री स्केटमध्ये त्यानं चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या. त्या भागातले सर्वाधिक, 215.08 गुण त्याचे होते. एकूण स्थान पाचवं. पुढच्याच महिन्यात मिलानमध्ये तो जगज्जेता झाला.

कोणी म्हणेल, सतराव्या स्थानावर गेल्यावर गमवायला काय उरलं होतं? मोकळ्या मनानं खेळला असेल. खरं आहे. म्हणून मला त्याची पुढची स्पर्धा जास्त महत्त्वाची वाटते. 2021 साली स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत तो पुन्हा शॉर्ट प्रोग्रॅमच्या पहिल्याच उडीला पडला. या वेळी गमवायला जगज्जेतेपद होतं. पण उरलेला कार्यक्रम त्यानं नीट सांभाळला. पहिल्या भागाअखेर तो तिसरा होता, दुसरा भाग जिंकून त्यानं विजेतेपद राखलं. सुरुवातीची चूक तीच, पण आता ती पुढच्या उड्यांत झिरपली नाही. तीन वर्षांत कमावलं ते हे!

तरीही वाट सरळ नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला तो तिसरा आला आणि प्याँगचांगनंतरची त्याची विजयाची मालिका तुटली. साडेतीन महिन्यांनी, 2022च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅममध्ये 113.97 गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम आणि शेवटी सुवर्णपदक!

इटलीच्या कॅरोलिना कॉस्टनरला तर याहून जास्त वाट पाहावी लागली. 2006 साली तुरीनला, स्वतःच्या देशात, उद्घाटनाच्या संचलनात राष्ट्रध्वज एकोणीस वर्षांच्या कॅरोलिनाच्या हाती होता. निकाल, नववी. 2010च्या जानेवारीत ती युरोपची विजेती झाली आणि पुढच्याच महिन्यात व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये वारंवार पडून सोळावी आली. तिथेच ती संपली असं म्हणणारे कमी नसतील. पण 2012 साली ती जगज्जेती झाली आणि 2014 साली सोचीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिनं ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. ज्या खेळात तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुली जिंकत, त्यात हे विशेषच.

हा धीर तयार होतो सरावात. मूल आधी एका गिरकीची उडी शिकतं, मग दोन, मग तीन. काही ठिकाणी नवी उडी शिकवताना कमरेला पट्टा बांधून प्रशिक्षक वरून आधार देतात. उडी बसली की पट्टा सुटतो. मग संगीतावर पूर्ण कार्यक्रमाचा सराव. त्यात पडलं तरी थांबायचं नाही, उठून पुढची उडी घ्यायची. असं शेकडो वेळा केल्यावर शरीराला एक गोष्ट पाठ होते, 'पडल्यावरही मला पुढचं जमतं.' माझ्या मते आत्मविश्वास तो हाच. 'मी पडणारच नाही' अशी खात्री तर जगज्जेत्यालाही नसते.

म्हणून एक विनंती. तुमचं मूल गाण्याच्या, खेळाच्या किंवा वक्तृत्वाच्या स्पर्धेतून हिरमुसून घरी आलं, तर पहिला प्रश्न 'कितवा नंबर आला?' असा नको. मधे चुकल्यावर पुढे काय केलंस, ते विचारा. पुढचं वाक्य आठवून भाषण पुरं केलं असं ते म्हणालं, तर त्याची पाठ थोपटा. नंबर यायला अजून चार वर्षं लागतील कदाचित. तोवर त्याला मैदान सोडावंसं वाटू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)