तीन पिढ्यांचे घर आणि फ्ल्यूची लस

(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



साठ वर्षे पूर्ण केलेल्या सर्व सभासदांना मंडळाच्या निधीतून इन्फ्लुएंझाची लस द्यावी, असा ठराव कार्यकारिणीने आजच्या सभेपुढे ठेवला आहे. ठराव स्तुत्य आहे, आणि वडिलधाऱ्यांविषयीच्या आदरातून तो आला आहे हे उघड आहे. परंतु चिटणीसांनी या विषयावर बोलण्यासाठी एका वैद्यकाला पाचारण केले असता त्याने नुसते अनुमोदन देऊन खाली बसावे, हे काही बरोबर होणार नाही. माझे म्हणणे असे की, वृद्धांना लस अवश्य द्यावी. पण ती केवळ वृद्धांनाच दिली, तर ज्या हेतूने आपण पैसा खर्च करणार तो अर्धाच साधेल. ज्याला या लशीची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच शरीरात ती सर्वांत कमी काम करते. ही अडचण समजून घेतल्यावाचून ठरावाचा विचार पुरा होत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी घरातील जुन्या माणसांच्या तोंडून ‘मानमोडी’ हा शब्द ऐकला असेल. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी दिलेले हे नाव. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत ताप सुरू झाला. पहिली लाट सौम्य गेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती घरेच्या घरे आडवी करून गेली. हिंदुस्थानात तिने एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसे नेली असे निरनिराळे अंदाज आहेत. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची लोकसंख्या 1911 च्या खानेसुमारीत सुमारे 1 कोटी 34 लाख होती, ती 1921 मध्ये सुमारे 1 कोटी 25 लाखांवर आली. दहा वर्षांनी माणसे वाढावयाची, ती घटली. प्लेग होता, 1918 चा पाऊसही दगा देऊन गेला होता; पण मोठा वाटा मानमोडीचाच.

या साथीतील एक गोष्ट वैद्यकांना फार काळ कोड्यात टाकून राहिली. साथ तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेते, ही सर्वसाधारण रीत. मानमोडीने वीस ते चाळीस या वयाची, संसार ओढणारी माणसे अधिक नेली. त्यांतही आपल्या देशात स्त्रिया अधिक. तरुण गेले आणि म्हातारे मागे राहिले. असे का व्हावे, याची एक संभाव्य उपपत्ती अशी सांगतात की, त्या वेळच्या वृद्धांची बालपणी त्याच्याशी साम्य असलेल्या एखाद्या विषाणूशी गाठ पडली असावी, आणि शरीराने ती ओळख जपली असावी. या उपपत्तीबद्दल अजून वाद आहे. पण शरीर ओळख जपते, याबद्दल वाद उरलेला नाही.

त्याचे प्रत्यंतर 2009 साली आले. ‘स्वाइन फ्ल्यू’ या नावाने आपण ओळखतो तो नवा विषाणू त्या वर्षी जगभर पसरला, आणि भारतातील पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात, एका शाळकरी मुलीचा झाला. अमेरिकेतील संशोधकांनी या विषाणूच्या आगमनापूर्वीच साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा साठीच्या पुढील माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या रक्तात त्याला ओळखणारी प्रतिपिंडे आढळली; मुलांच्या रक्तात मुळीच नव्हती. प्रतिपिंडे म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी, रक्तातील प्रथिने. 1918 च्या विषाणूचे वंशज 1957 पर्यंत जगात वावरत होते. ज्यांचे बालपण त्या काळात गेले, त्यांच्या शरीराला अर्ध्या शतकानंतरही तो चेहरा थोडासा आठवत होता.

थॉमस फ्रान्सिस या अमेरिकन संशोधकाने 1960 मध्ये या स्मृतीचा सिद्धांत मांडला, आणि त्याला ख्रिस्ती धर्मकल्पनेतील ‘आद्य पापा’चे नाव दिले. आपल्याकडे त्याला ‘पहिला संस्कार’ म्हटले तर अधिक शोभेल. मनुष्य जन्मानंतर ज्या फ्ल्यूला प्रथम सामोरा जातो, त्याचा ठसा त्याच्या शरीरावर जन्मभर राहतो. पुढे नवा विषाणू आला किंवा नवी लस टोचली, तरी शरीर आधी जुन्या ओळखीचाच शोध घेते. 1957 मध्ये ‘आशियाई फ्ल्यू’ आला, 1968 मध्ये ‘हाँगकाँग फ्ल्यू’. आपला जन्म यांच्या आधीचा की नंतरचा, यावर आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसाचे शरीर कोणत्या फ्ल्यूला अधिक चांगले तोंड देईल, हे काही अंशी अवलंबून आहे. पत्रिकेतील ग्रहांविषयी मला काही सांगता येणार नाही. जन्मसालाचे महत्त्व मात्र विज्ञानानेही मान्य केले आहे.

आता लस दिल्यावर शरीराने काही शिकले की नाही, हे कसे कळते? रक्तातील द्रव काढून तो निम्म्या-निम्म्याने पातळ करीत नेतात: दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. विषाणूला तांबड्या रक्तपेशी एकत्र चिकटविण्याची खोड असते. ज्या पातळपणापर्यंत तो द्रव विषाणूची ही खोड मोडतो, तो आकडा म्हणजे प्रतिपिंडांचे माप. प्रौढांत चाळीसचा आकडा गाठला म्हणजे आजाराचा धोका सुमारे निम्मा होतो, असे गेल्या शतकातील प्रयोगांवरून मानले जाते. लहान मुलांच्या बाबतीत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र तेवढेच संरक्षण मिळण्यास एकशेदहाच्या आसपास माप लागते असे दिसले. म्हणजे फूटपट्टीदेखील सर्व वयांना एकच चालत नाही.

बालकापासून आरंभ करू. सहा महिन्यांखालील अर्भकाला ही लस देत नाहीत. त्याचे रक्षण व्हावयाचे ते मातेच्या द्वारा. गरोदर स्त्रीला लस दिली म्हणजे तिची प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात. आपल्या शेजारच्या बांगला देशात झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लस घेतलेल्या मातांच्या अर्भकांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्ल्यू 63 टक्क्यांनी कमी आढळला. एका टोचणीत दोन जीव राखले जातात. गरोदरपणात सुई नको, हा आग्रह काही घरांत मायेपोटीच धरला जातो. पण गरोदर स्त्रीला फ्ल्यू झाल्यास तो इतरांपेक्षा अधिक गंभीर होतो, हे सासूबाईंनी आणि आईनेही ध्यानात घ्यावे.

सहा महिन्यांपुढील मुलाचे शरीर कोऱ्या पाटीसारखे असते. त्यामुळे नऊ वर्षांखालील मुलाला आयुष्यात प्रथमच लस द्यावयाची असल्यास चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. पहिली ओळख करून देते, दुसरी ती पक्की करते. पुष्कळ पालक पहिल्या मात्रेनंतर परत येत नाहीत, आणि मग ‘लशीचा उपयोग झाला नाही’ असे म्हणतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे या वयात दरवर्षी ही लस द्यावी असे सुचविते. सरकारच्या राष्ट्रीय लसीकरणात मात्र ती सर्व बालकांसाठी नाही.

मध्यम वयाच्या निरोगी माणसाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. त्याचे शरीर लशीला उत्तम प्रतिसाद देते, आणि तो स्वतः लस घेण्यास सर्वांत आळशी असतो.

वृद्धांची गोष्ट निराळी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशींची ही पाठशाळा होय. तारुण्यानंतर ती आकसत जाते, आणि उतारवयात नवे विद्यार्थी जवळजवळ निघेनासे होतात. जुन्या ओळखीच्या पेशी भरपूर असतात. नवा चेहरा शिकणाऱ्या थोड्या. प्रतिपिंडे कमी निर्माण होतात आणि लवकर ओसरतात. लस आणि फिरता विषाणू यांचे चांगले जुळले, तर त्या वर्षी सर्व वयांचा हिशेब धरून आजाराचे प्रमाण साधारणतः 40 ते 60 टक्क्यांनी घटते. वृद्धांत हा लाभ बहुधा याहून कमी असतो. यावर दोन उपाय निघाले. एक, लशीत उत्तेजक द्रव्य मिसळणे. ते इटलीत 1997 पासून प्रचारात आले. दुसरा, मात्राच चौपट करणे: नेहमीच्या लशीत प्रत्येक विषाणूचा 15 मायक्रोग्रॅम अंश असतो, तो 60 करणे. पासष्टीपुढील सुमारे 32 हजार माणसांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चौपट मात्रेने नेहमीच्या लशीपेक्षा सुमारे 24 टक्के अधिक संरक्षण दिले. सुधारणा खरी आहे. तरी सत्तरीच्या शरीराला ती पंचविशीचे करीत नाही. म्हणून लस व्यर्थ, असे मात्र कोणी समजू नये. आजार पूर्ण टळला नाही तरी रुग्णालयाची पायरी चढण्याचा प्रसंग पुष्कळांचा टळतो, आणि मधुमेही किंवा हृदयरोगी वृद्धाच्या बाबतीत तेवढ्यावर सारे अवलंबून असते.

मग वृद्धाला राखण्याचा आणखी कोणता मार्ग? त्याच्यापर्यंत विषाणू घेऊन येणाऱ्याला राखणे. आणि तो कोण, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना सांगावयास नको. शाळेतून येऊन आजोबांच्या मांडीवर बसणारा नातू! जपानात 1962 पासून शाळकरी मुलांना ही लस देत असत. 1994 मध्ये तो कार्यक्रम थांबला. अमेरिकन व जपानी संशोधकांनी 2001 मध्ये मृत्यूंच्या नोंदींवरून हिशेब केला, तो असा की, मुलांच्या लसीकरणामुळे दरवर्षी 37 ते 49 हजार मृत्यू टळत होते, आणि त्यांत बहुसंख्य वृद्धांचे. हा हिशेब नोंदींवरून मागाहून केलेला असल्याने त्याला प्रयोगाचे वजन देता येणार नाही, आणि काहींनी त्याच्या आकड्यांवर आक्षेपही घेतले आहेत. परंतु कॅनडात, एकत्र वसाहती करून राहणाऱ्या हटेराइट पंथाच्या लोकांत रीतसर प्रयोग झाला. तेथे केवळ मुलांना लस दिली असता, लस न घेतलेल्या इतर माणसांतील फ्ल्यू 61 टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष 2010 चा. आपल्या देशात हरियाणातील बल्लभगड भागातही 2009 ते 2012 या काळात खेड्यांतील मुलांवर असाच प्रयोग झाला. लस घेतलेल्या मुलांना पहिल्या वर्षी सुमारे 26, दुसऱ्या वर्षी 41 आणि तिसऱ्या वर्षी 74 टक्के संरक्षण मिळाले. घरातील इतरांना मिळणारा लाभ मात्र कॅनडाइतका ठळकपणे व सातत्याने दिसला नाही. आमच्या खेड्यांतील मुले एका घरापुरती नसतात, सगळ्या आळीची असतात. कदाचित हेही त्याचे कारण असेल.

परदेशातील आकडा जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण पुण्यातच आहे. तेथील सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये नाकात फवारण्याची लस तयार केली. पुढे याच जातीची, नेहमीच्या फ्ल्यूसाठी केलेली लस बांगला देशातील लहान मुलांना दिली, तेव्हा सुमारे 57 टक्के संरक्षण मिळाले. आफ्रिकेतील सेनेगलमध्ये दिली, तेव्हा काहीच मिळाले नाही. कारखाना तोच, लस तीच, मुलांचे वयही जवळजवळ तेच.

काळवेळेविषयी एक शब्द. काश्मीर सोडल्यास आपल्या देशातील बहुतेक भागांत फ्ल्यूचा मुख्य जोर थंडीत नसून पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरात असतो. लशीचा परिणाम दिसण्यास दोन आठवडे लागतात, आणि काही महिन्यांनी तो उतरू लागतो. विषाणूही रूप पालटत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी, लशीतील घटक ठरवून देते. दिवाळीनंतरच्या संमेलनात टोचलेली लस पुढील श्रावणापर्यंत पुष्कळशी ओसरलेली असेल. मे महिन्यात सुट्टीसाठी नातवंडे आजोळी जमलेली असतात. शिबिरास तोच काळ योग्य, आणि लस त्या वर्षीचीच आहे ना, हे बाटलीवर पाहून घ्यावे.

‘लशीनेच फ्ल्यू होतो’ या समजुतीला मी फार वेळ देत नाही. टोचावयाच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते, इतकेच. पूर्वी या लशीची तीव्र ॲलर्जी आलेल्यांनी ती घेऊ नये, आणि अंगात ताप असेल त्याने थांबावे.

सभेपुढील ठरावाला माझी दुरुस्ती अशी आहे. ‘साठ वर्षे पूर्ण केलेले सभासद’ या शब्दांपुढे ‘त्यांच्या घरातील गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, आणि त्यांची शुश्रूषा करणारी माणसे’ हे शब्द घालावेत. शिबिर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे, आणि प्रथमच लस घेणाऱ्या मुलांच्या दुसऱ्या मात्रेची तारीख त्याच दिवशी पालकांच्या हाती लिहून द्यावी. निधी सर्वांना पुरणार नाही असे खजिनदार म्हणतील. तसे झाल्यास मिळवत्या माणसांनी आपली लस स्वखर्चाने घ्यावी, आणि निधीतील पहिला हक्क गरोदर सुनेचा व लेकीचा, आणि तिच्या बरोबरीने घरातील वृद्धांचा मानावा. नावनोंदणीच्या कागदावर वयाबरोबर जन्मसालाचा एक रकानाही ठेवण्याची विनंती मी चिटणीसांना केली आहे.