परमुलखांतील शेजार

शेजार हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें भिंतीला भिंत लागून असलेलें घर उभें राहतें. आज ज्या शेजाराविषयीं मी बोलणार आहें, तो मात्र सातासमुद्रांपलीकडचा आहे. तत्पूर्वीं आमच्या वऱ्हाडांतील एक लहानशी गोष्ट सांगण्याची अनुज्ञा असावी.

मी अमरावतीचा. मास्तरकीच्या पहिल्या वर्षीं माझी नेमणूक अकोला जिल्ह्यांत, पूर्णाकांठच्या एका खेड्यांत झाली. हा मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरींचें पाणी खारट. त्यानें ना तहान भागते, ना त्यांत डाळ शिजते. बिऱ्हाड गाडींतून उतरतें न उतरतें तोंच शेजारच्या एक वृद्ध बाई डोईवर हंडा घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, इथलं पानी खारं हाये. हे गोड पानी घ्या, पोराले द्या." तो हंडा त्यांनीं दीड कोसावरून आणलेला होता, हें मला मागाहून समजलें. माझें आडनांव त्यांनीं विचारलें तें दुसऱ्या दिवशीं.

पुढें वर्गांत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें चरित्र सांगतांना दर वर्षीं मला तो हंडा आठवे.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. पत्नीनें शिकावें, हा गोपाळरावांचा ध्यास. त्यांनीं अमेरिकन मिशनऱ्यांकडे साह्य मागितलें. परंतु उत्तराचा सूर असा कीं, आधीं धर्म बदला, मग साह्याचें पाहूं. हा पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर या दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. त्यांनीं १८८० सालीं त्या अनोळखी हिंदी मुलीला पत्र लिहिलें. उभयतांत पत्रें सुरू झालीं. आनंदीबाईंची प्रकृति नादुरुस्त असल्याचें कळतांच बाईंनीं अमेरिकेहून औषधें धाडलीं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. एकमेकींचें तोंडहि न पाहतां हें नातें जुळलें होतें.

१८८३ च्या जूनमध्यें अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या, तेव्हां त्यांना उतरवून घ्यावयास हीच मावशी आली होती. रोझेलच्या घरांत आनंदीबाईंचें लुगडें कायम राहिलें, शाकाहार कायम राहिला, धर्म कायम राहिला. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या शिकावयास गेल्या, तरी परमुलखांतील त्यांचें माहेर रोझेलच होतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. परंतु क्षयानें त्यांना गांठलें होतें. स्वदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी येथें, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत, तिला जागा मिळाली. पतीनें पत्नीची रक्षा ज्या घरीं विश्वासानें सोंपवावी, त्या घराला परकें कसें म्हणावें?

मिशनऱ्यांनीं अट घातली. मावशीनें घातली नाहीं. दोघेहि एकाच धर्माचे, एकाच देशाचे. इतकाच फरक, पण एका मुलीचें सारें आयुष्य त्या फरकावर उभें होतें.

हें सर्व मी अनेक वर्षें मुलांना तळमळीनें सांगितलें. आतां, श्रोतेहो, एक गोष्ट सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगतों. सेवानिवृत्तीनंतर मी अमरावतींतील घराची पुढची खोली भाड्यानें द्यावयाची ठरविली. मेळघाटांतून महाविद्यालयासाठीं आलेला एक मुलगा दारीं आला. बोलण्यांत विनय होता. मीं आडनांव विचारलें. त्यानें सांगितलें. मी म्हणालों, "विचार करून कळवितों." त्याचा पत्ता मात्र मीं विचारला नाहीं. पत्ताच न घेतां कळविणार कोठें, हें त्या मुलाच्या ध्यानांत आलें असावें. कारण तो काहीं न बोलतां पायऱ्या उतरून गेला. उन्हाचे दिवस होते. मीं त्याला पाणीहि विचारलें नव्हतें.

मेळघाट तर आमच्याच जिल्ह्यांत. पण त्या दिवशीं त्या मुलाला अमरावती हा परमुलूखच वाटला असेल, आणि तो मीं केला. ज्याला अनोळखी गांवांत हंडाभर गोड पाणी मिळालें होतें, त्यानें हें करावें, याची खंत मला आहे.

जून महिना आला कीं अमरावतीस आणि अकोल्यास खेड्यापाड्यांतून मुलें-मुली वळकट्या घेऊन येतात. त्यांतील कोणी आपल्याहि दाराची कडी वाजवील. त्यांना आधीं पाण्याचा तांब्या द्यावा, आडनांव सवडीनें कळेल. माझ्या खोलीपुरतें तरी मीं हें ठरविलें आहे. तो मुलगा मात्र मला पुन्हां भेटला नाहीं.