जिवबा, मिर्झा आणि आपला गट

(सीबीडी बेलापूर इथल्या मेळाव्यात ‘शेजारी’ हा सिनेमा दाखवल्यानंतर केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, सिनेमा काळा-पांढरा, जुना. मधे दोघी-चौघींना डुलकी लागली, ते मी पाहिलंय! पण शेवटी धरण फुटलं तेव्हा हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही.

‘शेजारी’ १९४१ सालचा. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला, वातावरण तापलेलं. जिवबा झाले केशवराव दाते, मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत ‘पडोसी’ काढला तेव्हाही मिर्झा जागीरदारच, आणि हिंदू ठाकूर कोण? मजहर खान! मला तर ही गोष्ट सिनेमापेक्षाही जास्त आवडते.

पण एक बघा. या दोघांत आधी भांडण नव्हतंच. शेजार आहे, बुद्धिबळाचा डाव आहे. संशय येतो बाहेरून. धरण बांधणाऱ्या ओंकारला जमीन हवी असते आणि गाव एक असेपर्यंत ती मिळत नाही. म्हणून आधी मैत्री फोडायची.

जमिनीचं पनवेल-उरणच्या बायांना मी काय सांगू? सिडकोनं ९५ गावांची जमीन घेतली. दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. सगळे एका बाजूला उभे राहिले नसते तर आली असती का?

आता आपल्याकडचं. एका गटात कर्जाच्या हप्त्यात दोन हजारांचा फरक निघाला. कोषाध्यक्ष मुसलमान ताई. दुसऱ्या दिवसापासून ‘त्यांच्या’ हातात वही कशाला, अशी कुजबुज सुरू. त्याच आठवड्यात एक फायनान्सवाला वस्तीत आला. म्हणाला, तुम्ही वेगळा गट करा, लगेच कर्ज देतो. दोन्हीकडे हेच बोलला! नंतर पासबुक भरून आणलं तर हप्ता चार दिवस उशिरा जमा झालेला, पैसे जागेवर. पण वेगळ्या गटाचा अर्ज तोवर लिहून झाला होता. सात सह्या आहेत त्यावर. सह्या करणाऱ्या काही जणी आज इथेच बसल्यात. मी नावं घेणार नाही.

त्या ताई गेल्या दोन बैठकांना आल्या नाहीत. त्यांच्या घरी गेले तर चहा दिला, गटाचं नाव काढलं नाही. सहा वर्षं वही सांभाळली त्यांनी, एक पान फाटलेलं नाही.

अर्ज पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत येणार आहे. त्याआधी गटाची एक बैठक घ्या, पासबुक आणि वही दोन्ही मोठ्यानं वाचा. आणि त्या ताईंना बोलवायला मी एकटी जाणार नाही. सह्या केलेल्यांपैकी कोण येतंय माझ्याबरोबर, ते जेवायच्या सुट्टीत सांगा.